झिदानच्या बाजूने

१४ डिसेंबर, रविवार. जळगाव

छत्तीस वर्षं ज्या संधीची वाट पाहिली ती आज सकाळी सव्वादहाला फोनवरून आली. मी दाढी करत होतो.

फोन तोतारामचा. शिंदखेड्याला त्याचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे आणि धुळ्याच्या व्याख्यानमालेचा तो यंदा कार्यवाह आहे. कॉलेजच्या संघात आमचा गोलकीपर होता.

"चुडामणभाऊ, यंदा तुमचं व्याख्यान नको, जाहीर वाद ठेवू म्हणतो. जूनमध्ये वर्ल्ड कप आहे, तरुण मंडळी येतील. विषय काढलाय, गेल्या तीस वर्षांतला सर्वात मोठा मिडफिल्डर कोण. एका बाजूला तुम्ही."

"आणि दुसऱ्या?"

तो खाकरला. "रुपचंद. त्यानेच तुमचं नाव सुचवलं."

मी गालावरचा साबण न पुसता म्हणालो, "तारीख सांग."

११ जानेवारी. चार आठवडे आहेत. रुपचंदने माझं नाव स्वतः सुचवलं याचा अर्थ एवढाच की माझ्या जिभेला इतकी वर्षं धार लागत होती हे त्या माणसाला कळलेलं नाही.

१५ डिसेंबर

हे एकदा कागदावर असावं, म्हणून लिहितो.

डिसेंबर १९८९. धुळ्याचं मैदान. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना. मी एकवीस वर्षांचा, पाठीवर दहा नंबर. आमच्यात कॅप्टन म्हणेल तसं चालायचं. क्रीडाशिक्षक फक्त शिट्टी आणि केळी सांभाळत. कॅप्टन होता रुपचंद.

पहिला अर्धा भाग संपूर्ण माझा होता. चेंडू माझ्या पायाला चिकटला होता. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, पुन्हा मागे वळून पहिल्याला चकवलं. कडेला उभे असलेले लोक माझ्या नावाने ओरडत होते. गोल झाला नाही. तो होणारच होता. मध्यंतराला मी पाणी पीत बसलो होतो, तेव्हा रुपचंद माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चुड्या, तू बस आता. मी ठरवलंय." कारण दिलं नाही. मी विचारलं तर पुन्हा तेच, "मी ठरवलंय."

मी बूट तिथेच सोडले आणि अनवाणी एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो. त्यानंतर फुटबॉलला पाय लावला नाही. त्याच्या लग्नाची पत्रिका आली, फाडली. त्याच्या मुलीच्या लग्नाची आली, तीही फाडली. त्याला मधुमेह झाल्याचं कळलं तेव्हा मी त्या दिवशीच्या भाषणात फार रंगलो होतो, हेही खरं लिहून ठेवतो.

मला एकच गोष्ट हवी आहे. भरल्या सभेत, माइकवर, त्याने म्हणायला हवं : मी चुडामणला बाहेर काढलं, ती माझी चूक होती.

मिडफिल्डर हे निमित्त आहे.

१९ डिसेंबर

निमित्त असलं तरी तयारी कच्ची ठेवणार नाही. चार दिवस सकाळ-दुपार जुने सामने पाहतोय. वर्तमानपत्रं मिडफिल्डरला मध्यरक्षक म्हणतात. मला तो शब्द मान्य नाही. तो कोणाचं रक्षण करायला तिथे उभा नसतो. तो राज्य करतो.

झावी : नव्वद मिनिटं पोस्टमनसारखा. ह्याचं पत्र त्याला, त्याचं ह्याला. स्वतःचं पत्र लिहिणार कधी?

इनिएस्टा : २०१० च्या फायनलमध्ये एकशेसोळाव्या मिनिटाला गोल. मान्य. पण स्वभाव फार सौम्य. इतिहास सौम्य माणसं घडवत नाहीत, हे मी तीस वर्षं वर्गात शिकवलं आहे.

पिर्लो : २००६ च्या उपांत्य सामन्यात, सामना संपत आलेला, नजर एकीकडे आणि पास दुसरीकडे. ग्रोसोने गोल केला. हा पास मी अकरा वेळा पाहिला. सुंदर आहे. पण शेवटी नाव झालं ग्रोसोचं.

मॉड्रिच : युद्धात घर गेलेला पोरगा. माझं मन इथे खूप वेळ रेंगाळलं. पण २०१८ ची फायनल तो हरला.

आणि झिदान. १९९८ च्या फायनलमध्ये डोक्याने दोन गोल. २००२ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलला डाव्या पायाने हवेतल्या हवेत मारलेला तो फटका. पण मी त्याला निवडलं ते २००६ साठी. आयुष्यातला शेवटचा सामना, वर्ल्ड कपची फायनल, एक-एक बरोबरी. समोरच्याने काहीतरी बोलून डिवचलं. झिदान पुढे गेला होता. वळला, परत आला, आणि त्याच्या छातीत डोकं हाणलं. लाल कार्ड. साऱ्या जगासमोर तो कपाच्या शेजारून चालत आत गेला.

लोक याला डाग म्हणतात. मी याला शिखर म्हणतो. अपमान गिळून कप उचलणारे पुष्कळ असतात.

२० डिसेंबर

जेवताना रत्नाला हे सगळं ऐकवलं. माझं प्रत्येक भाषण आधी ती ऐकते. ती भरिताची वांगी सोलत होती.

"मग त्याची टीम जिंकली का?" तिने विचारलं.

"नाही. पेनल्टीत हरली."

"अरे देवा."

"मुद्दा तो नाहीच रत्ना! मुद्दा स्वाभिमानाचा आहे."

"हो हो. कांद्याची पात घ्या."

स्वाभिमानावर बोलताना मध्ये जेवणाचे पदार्थ येऊ नयेत, हे तिला अजून समजलेलं नाही.

२६ डिसेंबर. धुळे

नियम ठरवायला आलो. तोताराम मला थेट मैदानावर घेऊन गेला. रुपचंद शाळेतून निवृत्त झाला, पण कॉलेजच्या मुलींचा संघ शिकवतो. मला वाटलं होतं छातीत कळ येईल. तसं काही झालं नाही. एक टकला म्हातारा, गळ्यात शिट्टी, हातात प्लास्टिकच्या कोनांची चळत. मला पाहून कोन खाली ठेवले.

"ये चुड्या. लई बारीक व्हयी गया रे. चहा लेशी का?"

छत्तीस वर्षांनी पहिलं वाक्य हे! मी म्हणालो, "मी नियम ठरवायला आलोय."

"बरं. ठरव."

मी सांगितलं : आधी मी वीस मिनिटं. त्यावर सभेतून एक प्रश्न. मग तो वीस मिनिटं. शेवटी उत्तराची दहा मिनिटं पुन्हा माझी. वादात ज्याचा शेवटचा शब्द, त्याची सभा. हे वक्तृत्वातलं कोणतंही शेंबडं पोर सांगेल. मला वाटलं तो भांडेल. मी भांडणाची तयारी करून गेलो होतो.

"शेवटला शब्द तुनाच ठेव," तो म्हणाला. "माले वाद करता येस नही. मी ऐकसू."

"तुझा मिडफिल्डर कोण?"

"कांते."

मी हसलो. "फ्रान्सचा कांते? तो चेंडू हिसकावतो आणि शेजारच्याला देऊन टाकतो. एवढंच तर करतो!"

"एवढंच करस," रुपचंद म्हणाला, जणू मी त्याची बाजू मांडली होती.

तेवढ्यात एका मुलीने चेंडू अडवून धरला, तीन जणींत घुसली आणि पडली. हेमांगी तिचं नाव, संघाची कॅप्टन. रुपचंदने शिट्टी वाजवली नाही. नुसता तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि बोटाने मैदानाच्या दोन्ही कडांना मोकळ्या उभ्या असलेल्या मुली दाखवल्या. तिने मान हलवली. मला ते शिकवणं फार मिळमिळीत वाटलं. मी असतो तर त्या मुलीला म्हणालो असतो, घुस पुन्हा.

३ जानेवारी

उत्तराच्या दहा मिनिटांसाठी कार्डं तयार केली. रुपचंद काय काय म्हणू शकतो त्याचा अंदाज घेऊन प्रत्येक मुद्द्यावर एक कार्ड. एकेचाळीस झाली. तो म्हणेल, फुटबॉल हा सांघिक खेळ आहे : कार्ड सात. तो म्हणेल, कॅप्टनला कठोर निर्णय घ्यावे लागतात : कार्ड तेरा ते एकोणीस. तो म्हणेल, कांतेलाही २०१८ च्या फायनलमध्ये पंचावन्नाव्या मिनिटाला बाहेर काढलं आणि तो काही बोलला नाही : कार्ड बावीस. हे कार्ड माझं सर्वात जहाल आहे. गुलामाच्या मौनाला नम्रता म्हणणाऱ्या समाजाची त्यात मी सालटी काढली आहेत.

आरशासमोर म्हणून पाहिलं. एका ठिकाणी माझाच आवाज फुटला. मग खुर्चीत बसलो. मनात आलं, सत्तावन्नाव्या वर्षी मी एका मधुमेही म्हाताऱ्याला हरवायला इतका अभ्यास का करतोय? पण हा प्रश्न थकव्यामुळे आला असावा. चहा घेतल्यावर गेला.

११ जानेवारी, सकाळ

निघतोय. रत्ना बरोबर येते आहे. पांढरा सदरा. कार्डं खिशात. आज.

१२ जानेवारी

जिंकलो. सविस्तर लिहितो.

सभागृह पाच वाजता भरलं. पुढच्या दोन रांगांत रुपचंदच्या संघातल्या मुली, निळ्या जर्सीत. मी उभा राहिलो आणि पहिल्या तीन मिनिटांत हॉल माझ्या मुठीत आला. झावीच्या पोस्टमनवर हशा, पिर्लोच्या पासवर टाळ्या. झिदानच्या लाल कार्डावर मी आवाज एकदम खाली आणला. "त्या क्षणी त्याच्यासमोर दोन गोष्टी होत्या. एक सोन्याचा कप आणि एक अपमान. मित्रहो, कप दर चार वर्षांनी येतो!" टाळ्या. मग मी वळलो. वळून थेट रुपचंदकडे बोट केलं.

"आणि याच शहरात, याच मातीत, एका मिडफिल्डरला फायनलच्या मध्यंतरात कारण न सांगता बाहेर बसवण्यात आलं. बसवणारा आज या व्यासपीठावर बसला आहे. मी त्याला विचारतो, कोणत्या अधिकाराने? कोणत्या न्यायाने?"

सगळ्यांच्या माना रुपचंदकडे वळल्या. मी बोट तसंच रोखून ठेवलं.

मग प्रश्नाची वेळ. हेमांगी उभी राहिली. "सर, एकोणनव्वदची फायनल ना? पण ती तर आपण जिंकलो होतो. ढाल आमच्या कॉलेजात कपाटात आहे. एक-शून्य."

मागून कोणीतरी हसलं. मी म्हणालो, "जिंकलात. माझ्याशिवाय जिंकलात. अन्याय तो हाच!" उत्तर चांगलं होतं, पण टाळ्या पडायला हव्या होत्या तिथे पडल्या नाहीत. मुली एकमेकींकडे पाहत होत्या.

मग रुपचंद उठला. हातात कागद नाही. माइक तोंडापासून लांब धरला, तोतारामने जवळ सरकवला.

"कांतेवर बोलनार व्हतू," तो म्हणाला. सभेत असं अहिराणीत बोलतात का? पण मागच्या रांगा पुढे झुकल्या. "तो मैदानात कितला पयस, कितला धावस, ते कोनी मोजत नही. ज्याले चेंडू भेटस त्याले वाटस, चेंडू आपलेच भेटना. बस. मन्हं कांतेवरलं भाषन संपनं." हशा झाला. तो हसला नाही. "झिदान मोठा शे. मी नही म्हनत नही. फक्त लाल कार्ड भेटनं, तो आत गया, मंग मैदानात राहिनात त्या दहा जनस्नी काय करं, ते बी कोनी सांगाले जोयजे व्हतं."

मी कार्ड सात काढलं.

मग तो माझ्याकडे वळला. "आते चुडामणनं. चुडामण म्हनस ते खरं शे. मी त्याले बाहेर काढं. कारन सांगं नही. आम्ही जिंकनूत, तरी चुकी ती चुकीच. मन्ही चुकी व्हयनी. बठ्ठास्ना समोर सांगस." आणि सगळ्यांसमोर हात जोडून खाली बसला. घड्याळात त्याची सोळा मिनिटं शिल्लक होती.

छत्तीस वर्षं मी हेच वाक्य मागत होतो. ते शब्दशः मिळालं.

मी उत्तराला उभा राहिलो. खिशात एकेचाळीस कार्डं होती. पहिलं काढलं आणि बोललो. दुसरं. कार्ड तेरा ते एकोणीस. कॅप्टनच्या हुकूमशाहीवर, गुणवत्तेच्या मत्सरावर, सामान्यांच्या कटावर. बावीस नंबरला मी एवढा पेटलो की घंटा वाजलेली ऐकू आली नाही. तोतारामने पुन्हा वाजवली, तीही नाही. दहाऐवजी बावीस मिनिटं झाली असं नंतर कळलं. सभागृहात कमालीची शांतता होती. एवढी शांतता मी माझ्या कोणत्याच भाषणात अनुभवलेली नाही. मधल्या रांगांतली काही माणसं उठून गेली, थंडी फार होती. रुपचंद शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर टाळ्या एकट्या त्याने सुरू केल्या, मग बाकीच्यांनी थोड्या वाजवल्या.

गाडीत पारोळ्याजवळ रत्नाने शाल सारखी केली. मग म्हणाली, "त्यांनी मान्य केलं ना हो?"

"केलं! माइकवर केलं!"

"मग तुम्ही एवढा वेळ कोणाशी बोलत होतात?"

मी काच खाली करून बाहेर पाहत राहिलो. बायकोला वादाचं तंत्र समजावून सांगण्याची ती वेळ नव्हती.

विजयाच्या दुसऱ्या दिवशी माणसाला काय वाटतं हे मी अनेक राजांबद्दल सांगितलं आहे. मला आज सकाळपासून काही वाटत नाही. पोट बिघडलं असावं.

१३ जानेवारी

सकाळी तोतारामचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"चुडामणभाऊ, रुपचंदला मी शब्द दिला होता. आज मोडतो. परवा तुमचं ऐकवत नव्हतं."

"बोल."

"तुम्हाला त्याने काढलं नाही. आम्ही काढायला लावलं. मध्यंतराला तुम्ही नळावर पाणी प्यायला गेलात ना, तेव्हा सगळे त्याच्याभोवती जमलो. सगळे. म्हटलं, चुडामण बॉल सोडत नाही, आम्ही खेळतोय कशाला? तो बसला नाही तर आम्ही बसतो. रुपचंद एकटा तुमच्या बाजूने होता. म्हणत होता, अजून दहा मिनिटं देऊ. आम्ही ऐकलं नाही."

"खोटं," मी म्हणालो. "मग तो तसं का बोलला नाही?"

"म्हणाला, बठ्ठ्यांनी काढलं असं कळलं तर तो कोणाकडे पाहणार नाही. माझं एकट्याचं नाव सांगा. एकावर राग धरणं सोपं जातं."

मी फोन ठेवला.

म्हणजे गुन्हेगार चुकीचा होता! छत्तीस वर्षं मी निर्दोष माणसासाठी जिभेला धार लावत बसलो आणि खरे कट करणारे आरामात म्हातारे झाले! अंगात पुन्हा ती जुनी ऊब आली. बरं वाटलं. ठीक आहे. एक नव्हे, सगळे. एकेकाला गाठून जाब विचारतो. वही घेतली आणि यादी करायला बसलो.

१. रुपचंद (वगळावा).
२. तोताराम, गोलकीपर.
३.

तीनपुढे पेन चालेना. अठ्ठ्याण्णवच्या फायनलमधला फ्रान्सचा संघ मला झोपेतून उठवून विचारा : बार्थेझ, थुराम, देसायी, लबफ, लिझाराझू, देशाँ, पेती, कारंबू, झिदान, जोर्काएफ, गिवार्श. माझ्या स्वतःच्या संघाचा लेफ्ट बॅक कोण होता? चेहरासुद्धा येत नाही. निळ्या बनियनमधल्या पाठी दिसतात फक्त.

संध्याकाळपर्यंत आठ ओळी कोऱ्या.

१५ जानेवारी

काल दिवसभर टाळलं. आज सकाळी रुपचंदला फोन लावला. केवळ नावं आणि पत्ते काढून घेण्यासाठी. हे त्याला सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं.

"तोत्याने सांगं वाटतं," तो म्हणाला. आणि मग, "घे लिखी."

लेफ्ट बॅक शालिग्राम, नशिराबादचा. चार वर्षांपूर्वी गेला. त्याच्यावर आता काही करता येणार नाही, तरी नाव लिहिलं. मधले दोघे, आधार आणि प्रेमराज. आधार जामनेरला असतो, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, त्याला फोन करायचा तर मोठ्याने बोलावं लागेल. प्रेमराज सुरतेला मुलाकडे. रुपचंद प्रत्येकाचं नाव सांगे, मग त्याची बायको, त्याचं दुखणं, शेवटचा कधी भेटला. मी मध्ये म्हणालो, "मला फक्त पत्ते हवेत." तो म्हणाला, "हाऊ," आणि पुन्हा तसंच सांगत राहिला. मीही लिहीत राहिलो. कसं कोण जाणे, दुखणीसुद्धा लिहिली.

सात नावं झाली. शेवटचं राहिलं.

"उजव्या अंगाला कोण होतं तुझ्या, आठवतं?" त्याने विचारलं.

"नाही."

"भूषण. लई जोरात पयायचा. पूर्ण अर्धा भाग हात वर करीसन उभा व्हता, चुड्या. चेंडूसाठी."

"तो कुठे असतो?"

"तुन्हाच गावले शे. जळगावले. रोज सकाळी मेहरूणच्या तलावावर फिराले येस."

मीही रोज सकाळी मेहरूणच्या तलावावर फिरतो. गेली नऊ वर्षं. मी पेन उचललं. हा सापडला. उद्याच सहा वाजता गाठतो.

"दिसतो कसा? मी ओळखणार कसा त्याला?"

"तो तुले वळखस ना. रोज भेटस म्हने. लांबूनच हात वर करस. तू थांबत नही, म्हने."

मी फोन ठेवला. नाव अजून लिहिलेलं नाही.

रोज सकाळी कानटोपी घातलेला एक माणूस समोरून येतो आणि हात वर करतो, हे खरं आहे. मी नुसती मान हलवून पुढे जातो. मी त्याला श्रोता समजत होतो.